सत्तावीसचा शाप नाही, बरं का! गोष्ट क्रिस्टन फाफची

आजचा भाग इयरफोन लावूनच ऐका. कारण आज विषय आहे बेस गिटारचा. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की साधारण ४१ हर्ट्झचा सूर निघतो, आणि एवढा खालचा सूर फोनच्या इवल्याशा स्पीकरला पेलत नाही. म्हणून होतं काय, की गायिका लक्षात राहते, गिटारवालाही लक्षात राहतो, पण बेसवाली राहत नाही.

अशीच एक बेसवाली म्हणजे क्रिस्टन फाफ. जन्म २६ मे १९६७, अमेरिकेतल्या बफेलो शहरात. लहानपणी ती पियानो आणि चेलो शिकली, तेही शास्त्रीय पद्धतीने. पुढे मिनीॲपोलिसला गेली आणि तिथे बेस शिकली, तो मात्र स्वतःचा स्वतः. 'जॅनिटर जो' नावाच्या तीन जणांच्या बँडमध्ये ती वाजवू लागली. तिघांतच सगळं असल्यामुळे बेसला लपायला जागाच नसते. १९९३ मध्ये त्यांचा 'बिग मेटल बर्ड्‌स' हा अल्बम आला.

त्याच वर्षी कोर्टनी लव्हच्या 'होल' बँडने तिला बोलावून घेतलं आणि ती सिॲटलला आली. बँडचा गिटारिस्ट एरिक एर्लँडसन याने नंतर सांगितलं, की क्रिस्टन आली आणि मग आम्ही खरा बँड झालो. ऑक्टोबर १९९३ मध्ये त्यांनी जॉर्जिया राज्यात 'लिव्ह थ्रू धिस' रेकॉर्ड केला. त्यात बेस तिचा आहे आणि मागून येणाऱ्या आवाजांतही ती आहे.

आता तारखा बघा. ५ एप्रिल १९९४ ला कोर्टनीचा नवरा, 'निर्वाणा'चा कर्ट कोबेन गेला. १२ एप्रिलला अल्बम बाजारात आला. १६ जूनला क्रिस्टन सिॲटलच्या घरात मृत सापडली. कारण हेरॉइन. त्या वर्षी 'व्हिलेज व्हॉइस'च्या समीक्षकांच्या मतदानात हाच अल्बम पहिला आला, पण ते बघायला ती नव्हती.

कर्ट २७ वर्षांचा होता आणि क्रिस्टनला नुकतंच सत्तावीसावं संपलं होतं. झालं! 'ट्वेंटी सेव्हन क्लब'च्या यादीत आणखी एक नाव चढलं. मला या क्लबचा खरंच राग येतो. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये संशोधकांनी हे तपासलं होतं. सत्तावीसाव्या वर्षी काही वेगळा धोका सापडला नाही. वीस ते चाळीस या वयात मात्र प्रसिद्ध संगीतकारांना धोका जास्त दिसला. म्हणजे शाप वगैरे काही नाही. शाप म्हटलं की कुणाला काही करावंच लागत नाही, एवढंच.

खरी गोष्ट वेगळी आहे आणि तीच आज सांगायची आहे. क्रिस्टनने सोडायचा प्रयत्न केला होता. १९९४ च्या सुरुवातीला तिने मिनीॲपोलिसमध्ये उपचार घेतले, पुन्हा 'जॅनिटर जो'सोबत दौराही केला. सिॲटल सोडून परत जायचं तिने ठरवलं होतं. गेली तेव्हा ती सामान आवरून निघायच्या बेतात होती.

हेरॉइन, म्हणजे आपल्याकडे ज्याला गर्द म्हणायचे त्यातलं मूळ द्रव्य. शरीराला त्याची सवय होत जाते, तसा डोस वाढतो. सोडलं की ती सहनशक्ती थोड्याच दिवसांत उतरते. मनाला मात्र जुनाच डोस आठवतो. माणूस एकदा घसरला आणि तेवढंच घेतलं, तर श्वास थांबू शकतो. म्हणून व्यसन सोडल्यानंतरचे आठवडे सगळ्यात नाजूक असतात. आपण मात्र 'सुटला एकदाचा!' म्हणतो आणि नेमकं तेव्हाच त्याला एकटं सोडतो.

तुमच्या ग्रुपमध्ये असा कुणी मित्र किंवा मैत्रीण असेल, तर या दिवसांत रोज एक फोन करा. लेक्चर देऊ नका, नुसतं बोला. पुन्हा घसरला तरी दार बंद करू नका. मदत हवी असेल तर १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फोन मोफत लागतो.

आणि हो, 'लिव्ह थ्रू धिस' नक्की ऐका. नावाचा अर्थ साधारण असा, की यातून जिवंत बाहेर पड. एकदा फक्त खालचा सूर पकडून ऐका. तिथे क्रिस्टन भेटेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, एकमेकांचीसुद्धा!