गुडघा टेकवायचाय? मग घाटात नको

(या भागाचा लिखित मजकूर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जवळजवळ जसंच्या तसं.)

आज एकच प्रश्न घेतोय, कारण तो फिरून फिरून येतोय. एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. मुलगा पुण्याचा, वय एकवीस, नाव सांगत नाही. तो म्हणतो, "दादा, आम्ही पाच-सहा जण दर रविवारी पहाटे ताम्हिणीला जातो. मागच्या वेळी माझा मित्र एका उजव्या वळणावर घसरला, कॉलरबोन गेलं. त्याचे टायर बाईकबरोबर आलेलेच होते. मला गुडघा टेकवायचाय, पण त्याच्यासारखं व्हायला नको. कुठले टायर टाकू?"

मित्रा, टायरवर येतो. पण आधी थोडं गणित करू. घाबरू नका, दहावीतलंच आहे.

बाईक वळणात किती झुकणार हे दोनच गोष्टींवर ठरतं, वेग आणि वळणाची त्रिज्या. बाईक दोनशे सीसीची असो की हजारची, फरक नाही. आता घाटातलं एक मध्यम वळण घ्या, त्रिज्या ५० मीटर. ताशी ६० किलोमीटरने गेलात तर बाईक साधारण ३० अंश झुकते. ७० ने गेलात तर ३८ अंश. आणि ८० ने गेलात तर ४५. टायर रुंद असेल तर याहून थोडं जास्त. ऐकायला किती सोपं वाटतं, नाही? साठचे ऐंशी. हायवेवर आपण हे मनगट जरासं फिरवून करतो.

पण टायरकडे पकड असते एकच. पगारासारखी. त्यातूनच वळायचं, त्यातूनच ब्रेक मारायचा, वेगळा भत्ता मिळत नाही. कोरडा, बरा डांबरी रस्ता असेल तर घर्षणांक ०.९ धरू. ६० च्या वेगाला वळण्यात खर्च होऊनसुद्धा ब्रेकसाठी तीन-चतुर्थांश ताकद शिल्लक राहते. ७० ला राहते निम्मी. आणि ८० ला? ८० ला वळायलाच १.० लागतोय आणि खिशात आहेत ०.९. म्हणजे ब्रेकचं सोडाच, बाईक वळणारच नाही, सरळ घसरणार. तुम्ही किती भारी चालवता याचा इथे प्रश्नच येत नाही.

आणि हा झाला स्वच्छ रस्ता. डोंगरावरून मुरूम वाहून आलाय, बारीक खडी सांडलीय, आणि पकड निम्म्यावर आली, तर त्याच वळणावर ६० सुद्धा जमत नाही. तुझा मित्र नेमका कशामुळे घसरला हे मला इथे बसून कळणार नाही. पण तो 'चुकीच्या टायरमुळे' पडला असं तुम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलंय, त्याला मात्र माझा आक्षेप आहे. टायरवर खापर फोडलं की पुढच्या रविवारी परत जाता येतं ना!

बरं, टायर. मऊ रबराचे स्पोर्ट टायर पकड जास्त देतात, हे खरंय. पण त्यांना उष्णता लागते. रेसमध्ये टायर-वॉर्मर गुंडाळून टायर तापवूनच बाईक बाहेर काढतात. ट्रॅक-डेला वॉर्मर नसतील तर पहिले एक-दोन लॅप शहाणी माणसं हळू काढतात. घाटात पहाटे सहाला धुकं, रस्ता गार, मध्ये चहाला वीस मिनिटं थांबणं, की टायर पुन्हा थंड. महागडा टायर थंड असताना जाहिरातीतली पकड देत नाही. आणि खडीवर तर कुठल्याच टायरचं काही चालत नाही, कारण तिथे रबर डांबराला टेकतच नाही, मध्ये खडे असतात बेअरिंगमधल्या गोळ्यांसारखे. चांगले टायर जरूर घ्या. पावसात, अचानक ब्रेक मारताना, ते जीव वाचवतात. फक्त त्यांच्या भरवशावर दहा अंश जास्त झुकायला घेऊ नका.

एबीएसचं पण असंच. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की आता काय, दाबा बिनधास्त. साधं एबीएस चाक लॉक होतंय का तेवढंच बघतं. बाईक किती झुकलीय हे त्याला माहीतच नसतं. ते ओळखणारं कॉर्नरिंग एबीएस वेगळं, त्याला वेगळे सेन्सर लागतात, आणि तेसुद्धा संपलेली पकड पुन्हा आणून देत नाही.

आता तुम्ही म्हणाल, "मग मोटोजीपीवाले ६० अंशांच्या पुढे झुकतात ते कसं?" चांगला प्रश्न. झुकतात, आणि पडतातही. भरपूर पडतात. मार्क मार्केझ, मोटोजीपीच्या इतिहासातल्या सर्वोत्तम रायडर्सपैकी एक, २०२३ च्या एका सीझनमध्ये २९ वेळा पडला. एकोणतीस! त्यात हाडंही मोडली. पण बहुतेक वेळा तो उठला, लेदरवरची धूळ झटकली आणि चालत पिटकडे गेला. हे त्याच्या कौशल्यामुळे नाही. वळणाच्या बाहेर त्याला घसरत जायला मोकळी जागा होती, मग खडीचा पट्टा, मग एअरफेन्स. सूटमध्ये एअरबॅग, जी मोटोजीपीत २०१८ पासून सक्तीची आहे. पिवळा झेंडा घेऊन मार्शल उभा. ॲम्ब्युलन्स इंजिन चालू ठेवून तयार. आणि समोरून येणारं कुणीही नाही.

म्हणजे ट्रॅकवर मर्यादेपर्यंत जाता येतं, कारण मर्यादा ओलांडली तर काय होईल याची व्यवस्था आधीच लावलेली असते. घाटात त्याच जागी काय असतं? एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला कठडा, आणि कठडा नसेल तर दरी. डांबर तेच, वळण तेच. पडल्यावर पुढे काय, एवढाच फरक. पण तोच सगळा फरक आहे.

हे मी घाबरवायला बोलत नाहीये. रेसिंगच्या दुनियेनेच हा निष्कर्ष काढलाय, आणि खूप किंमत मोजून काढलाय. आयल ऑफ मॅन टीटीचे व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. घरांच्या भिंतींजवळून तीनशेच्या आसपास वेगाने जाणाऱ्या बाईक. तो साधा सार्वजनिक रस्ता आहे, सुमारे ६०.७ किलोमीटरचा, रेसपुरता बंद करतात. समोरून वाहन नाही, गाय नाही, रस्ता तपासलेला, रायडर जगातले निवडक. तरी त्या कोर्सवर आजवर अडीचशेहून जास्त रायडर्स गेलेत. १९७२ मध्ये पावसात तिथे जिल्बेर्तो पार्लोत्ती हा इटालियन रायडर १२५ सीसीच्या रेसमध्ये गेला. त्याचा मित्र जियाकोमो अगोस्तिनी त्याच दिवशी तिथली सीनियर रेस जिंकला, आणि म्हणाला की मी इथे परत येणार नाही. हा माणूस कोण? पंधरा जागतिक विजेतेपदं. टीटीच्याच दहा रेस जिंकलेला. त्याला भित्रा म्हणायची कुणाची टाप होती? इतरही काही मोठे रायडर यायचे थांबले, आणि १९७६ नंतर टीटी जागतिक अजिंक्यपदातून बाहेर गेली. हे सगळं *बंद* रस्त्याबद्दल. आपला ताम्हिणी तर चालू असतो, एसटीसकट.

आता एक गोष्ट सांगतो जी यूट्यूबवरच्या कॉर्नरिंगच्या धड्यांमध्ये सहसा कुणी सांगत नाही. ट्रॅकवर लाइन कशी असते? बाहेरून आत, आतून बाहेर. पूर्ण रुंदी वापरायची, त्यामुळे वळण सपाट होतं. आता हीच लाइन आपल्या डाव्या बाजूच्या रस्त्यावर लावून बघा. उजवं वळण असेल तर 'आत' म्हणजे मधली पांढरी रेघ. तुमचं चाक रेघेच्या अलीकडे आहे, तुम्हाला वाटतंय मी माझ्या लेनमध्ये आहे. पण तुम्ही उजवीकडे झुकलाय! चाक अलीकडे आणि डोकं, खांदा पलीकडे, समोरून येणाऱ्या टेम्पोच्या आरशाच्या उंचीवर. शरीर बाईकबाहेर काढून गुडघा टेकवला असेल तर आणखी बाहेर. आणि वळणातून निघताना लाइन नेते कुठे? डाव्या कडेला. जिथे सगळी खडी, पावसाळ्यात शेवाळ, आणि कुणीतरी माकडांना टाकलेली केळ्याची सालं.

डावं वळण असेल तर उलट. निघताना तुम्ही मधल्या रेघेकडे फेकले जाता, वेग थोडा जास्त झाला की पलीकडे. आणि हेअरपिनवर लाल परी काही हौस म्हणून तुमच्या लेनमध्ये येत नाही. एवढी लांब गाडी वळवायला तिला तो रस्ता लागतोच. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. तो हॉर्न तुमच्या मोठ्या एक्झॉस्टमध्ये ऐकू येतो का, हा प्रश्न एकदा स्वतःला विचारा.

आणि समोरच्या माणसाने तुमच्या प्रॅक्टिसला होकार दिलेला नसतो. ट्रॅकवर उतरताना प्रत्येक जण फॉर्मवर सही करतो. माणगावहून पुण्याला बाळंतिणीला घेऊन येणाऱ्या रिक्षावाल्याने, शाळेची पोरं मागे बसवलेल्या मास्तरांनी कुठल्या फॉर्मवर सही केलीय? स्वतःच्या जिवाची जोखीम घ्यायचा हक्क आहे वगैरे वाद आपण दुसऱ्या भागात घालू. दुसऱ्याच्या जिवाचा तो नाही, त्यात वाद नाही. कायद्यातही मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे, सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

म्हणजे घाटात मजा नाही का? आहे ना! मला तर ट्रॅकपेक्षा घाट जास्त आवडतो, प्रामाणिकपणे. पण तिथलं कौशल्य वेगळं आहे. ट्रॅकवर एकच वळण दिवसात पन्नास वेळा येतं, त्यामुळे ते पाठ होतं. घाटातलं वळण काल पाठ झालेलं असलं तरी आज नवीन असतं. रात्री दरड आली, सकाळी ट्रकचं डिझेल सांडलं, आत्ता म्हैस बसली.

त्यासाठी एक युक्ती, जी खरोखर वापरा. वळणात शिरताना रस्त्याच्या डाव्या आणि उजव्या कडा लांबवर जिथे एकमेकींना मिळतात तो बिंदू बघा. तो बिंदू जागेवरच असेल आणि तुम्ही त्याच्याजवळ जात असाल तर वळण आवळत चाललंय, वेग कमी करा, आणि तोही सरळ असतानाच. बिंदू तुमच्याबरोबर पुढे पळायला लागला की वळण उघडतंय, मग हलकेच थ्रॉटल. नियम एवढाच की जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. ६० च्या वेगात एका सेकंदात १६-१७ मीटर जातात, आणि मेंदूला 'अरे बापरे' म्हणायलाच एक सेकंद लागतो. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक मीटर. म्हणजे चाळीस मीटर मोकळा रस्ता दिसत नसेल तर ६० हा वेग जास्तच आहे, भले बाईक फक्त पंधरा अंश झुकलेली असो. मागे बसणाऱ्याला झोप लागेल इतकी सलग, धक्का न देता वरंधा उतरून दाखवा. ते गुडघा टेकवण्यापेक्षा अवघड आहे. आणि टायरच्या कडेला न झिजलेली पट्टी राहिली म्हणून मित्र हसले तर हसू देत. ती पट्टी म्हणजे वापरायची राहिलेली पकड आहे.

आणि गुडघा टेकवायचाच असेल, तर ट्रॅक. इच्छा चुकीची नाही, मला स्वतःला ती होतीच. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, कोइम्बतूरची करी मोटर स्पीडवे. पुण्याहून दोन्ही साधारण अकराशे-बाराशे किलोमीटर, हे दुखणं खरंय. महाराष्ट्रात मोटरसायकलसाठी तसा मोठा सर्किट नाही, आणि इतकी बाईकवेडी पोरं असलेल्या राज्यात तो का नाही, हा प्रश्न आपण पुरेसा विचारत नाही. कोल्हापूरला मोहिते रेसिंगचा गो-कार्टचा ट्रॅक आहे. लहान ट्रॅकवर वेग कमी असतो आणि वळणं जास्त, शिकायला ते उलट चांगलंच. तिथे किंवा दुसरीकडे बाईकसाठी दिवस कधी उघडतात, ते आधी फोन करून विचारा.

खर्च आहे. फी, लेदर सूट भाड्याने, प्रवास, टायर. पाच जणांनी मिळून बाईक एका पिकअपमध्ये टाकून नेल्या तर बराच कमी होतो. पडलात तर बाईकचं नुकसान बहुधा तुमच्याच खिशातून, कारण नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. पॉलिसीचं ते पान जाण्याआधी वाचा. आणि पहिल्या वेळी ट्रेनिंगचाच दिवस घ्या, नुसता मोकळा ट्रॅक-डे नको. शिकवणारे पहिल्या सत्रात तुम्हाला गुडघा वगैरे काही टेकवू देणार नाहीत. एकाच गिअरमध्ये, ब्रेकला हात न लावता फिरवतील, आणि तुम्हाला कळेल की आपण इतके दिवस वळणात नजर चुकीच्या जागी ठेवत होतो.

जाताना आरसे उतरवून ठेवायला पाना आणि दिव्यांच्या काचांवर लावायला चिकटपट्टी न्या, बहुतेक ठिकाणी मागतात. आणि तुझ्या मित्राला सांग, कॉलरबोन पूर्ण जुळल्याशिवाय हँडल धरायचं नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत.

पुढच्या भागात सेकंडहँड बाईक घेताना चेसिस कसं तपासायचं. प्रश्न पाठवत राहा.