ओळ मोडून लिहिणे



आपल्या बेळगुंदी परिसरात ‘काय करूलास?’ असे सहज विचारले जाते. हा शब्दप्रयोग टिपून संगणकात ठेवायचा झाला, तर शब्द, अर्थ, गाव, वाक्य ही माहिती अनेकदा ‘जेसन’ या मांडणीत जाते. महिरपी कंसात एकेक नाव आणि त्यापुढे त्याचा मजकूर, अशी ती मांडणी. यंत्राला मोकळी जागा लागत नाही, त्यामुळे सगळे एकाच ओळीत ठासून भरलेले असते.

मोडी वाचणाऱ्यांना हे नवे नाही. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत. शब्द कुठे तोडायचा ते जाणकारानेच ठरवायचे. पुढे एकोणिसाव्या शतकात छापील मराठीत विरामचिन्हे रुळली, त्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता.

देवनागरीची आणखी एक अडचण आहे. काही प्रणाली अक्षराऐवजी त्याचा युनिकोड क्रमांक लिहितात. ‘म’च्या जागी उलटी तिरकी रेघ, ‘यू’ आणि ०९२ई. ‘मराठी’ या एका शब्दाचे असे पाच तुकडे होतात. अर्थ चुकीचा नोंदला गेला, तरी गावातल्या बाईंना किंवा गुरुजींना तो दिसणारच नाही.

उपाय सोपे आहेत. पायथनमध्ये ‘एन्शुअर ॲस्की’ हा पर्याय बंद केला, की अक्षरे अक्षरेच राहतात. पोस्टग्रेसमध्ये २०१६ पासून ‘जेसनबी प्रिटी’ आहे. मायएसक्यूएलमध्ये ‘जेसन प्रिटी’. ही फंक्शने प्रत्येक नोंद नव्या ओळीवर घेतात आणि पोटातली नोंद थोडी आत सरकवतात. साठवलेली माहिती बदलत नाही, फक्त दाखवताना ओळी मोडल्या जातात. एक मात्र ध्यानात ठेवावे: ‘जेसनबी’ नावांचा मूळ क्रम जपत नाही. शब्द आधी, अर्थ नंतर, हा कोशाचा क्रम हवा असेल, तर तो दाखवताना आपणच ठरवून द्यावा लागतो.

म्हणून विनंती अशी, की बोलीचा संग्रह संगणकावर चढवाल तेव्हा दर काही नोंदींनंतर एक कागद छापून घ्या आणि ज्यांनी शब्द सांगितला त्यांच्या हाती द्या. त्यांना वाचता आले, तरच ‘असं नव्हे’ असे ते म्हणू शकतील. कोशाचा खरेपणा त्या दोन शब्दांवरच उभा आहे.