धाडसाला सरावाची जोड

गावच्या विहिरीत कोणी पडले म्हणजे काय होते, ते आपण जाणतो. आरडाओरड होते, चार माणसे धावतात, आणि एखादा धाडसी गडी मागचापुढचा विचार न करता उडी टाकतो. कधी दोघेही वर येतात. कधी दोघेही येत नाहीत. धाडस असते, सराव नसतो.

इंग्लंडच्या किनाऱ्यावरील लोकांनी हा धडा फार मोल देऊन घेतला. तेथे सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकाराने १८२४ साली बुडत्यांना वाचविणारी संस्था निघाली. ती सरकारी नव्हे. मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालते. ब्रिटन व आयर्लंडच्या किनाऱ्यांवर आज तिची २३०हून अधिक ठाणी आहेत. होडीवर जाणारे बहुतेक स्वयंसेवक. कोणी सुतार, कोणी दुकानदार, कोणी शिक्षिका! बोलावणे आले, की हातातले काम टाकून ठाण्याकडे धावायचे.

१८६१ साली व्हिटबी गावी वादळात बचावहोडी उलटली. तेरांपैकी बारा गेले. वाचला एकटा हेन्री फ्रीमन. कारण बुचाचे नवे जाकीट त्याच्या अंगात होते. शूर तर तेराही होते!

म्हणून ठाण्यावर सराव चुकत नाही. दोराच्या गाठी, इंजिन, बिनतारी संदेश, प्रथमोपचार, सारे पुन्हा पुन्हा करावयाचे. माणसाएवढा पुतळा पाण्यात टाकून तो होडीत ओढून घ्यावयाचा. पूल या गावच्या शिक्षणकेंद्रात मोठा हौद आहे. त्यात लाटा उठवितात, अंधार करतात, आणि उलटलेल्या होडीखालून बाहेर यावयास शिकवितात. समुद्रावरून परतल्यावर होडी गोड्या पाण्याने धुऊन, इंधन भरून पुन्हा सज्ज ठेवली, म्हणजेच काम संपले.

इतके करूनही समुद्र कधी ऐकत नाही. १९ डिसेंबर १९८१ रोजी पेनली ठाण्याचे आठही स्वयंसेवक बुडाले. पण एका दिवसाच्या आत त्याच गावातून नव्या तुकडीपुरती माणसे पुढे आली!

गुरुजनहो, आपल्या शाळेतही थोडे करता येईल. विहिरीपाशी, तळ्यापाशी लांब दोर आणि बांबू कायम ठेवा. कोणी बुडत असेल, तर उडी न टाकता दोर फेकावा, बांबू पुढे करावा, हाक मारून माणसे जमवावी, हे मुलांकडून करवून घ्या. आणि स्वतःच पाण्यात पडलो तर? हातपाय झाडू नयेत. मान मागे टाकून, उताणे होऊन तरंगावे, दम सावरावा, मग हाक द्यावी.

दोर कोठे आहे, हे संकटाच्या घटकेला शोधावे लागू नये, एवढेच.