नेटवर शंभर, थर्मामीटरवर सत्त्याण्णव

(उत्सवातील विद्यार्थी-पालक मेळाव्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेतील विज्ञान-गणिताचे प्रकल्प आणि इंटरनेट या विषयावर मी बोलावे असे चिटणीसांनी सुचवले. मी त्यांना म्हटले, आपल्या मंडळात सॉफ्टवेअरवाले पैशाला पासरी आहेत, मग रुळांच्या देखभालीत वीस-बावीस वर्षे काढलेला डिप्लोमावाला इंजिनिअर कशाला हवा? ते म्हणाले, "नेट कसे वापरायचे ते मुलांना आपल्यापेक्षा चांगले येते. त्यातून काय घ्यायचे आणि काय नाही, तेवढे सांगा." तेव्हा तेवढेच सांगणार आहे.

प्रकल्पाची आजची रीत घराघरात ठाऊक आहे. सोमवारी द्यायचा प्रकल्प रविवारी संध्याकाळी आठवतो. आई नेटवर शोधते, बाबा प्रिंट काढून आणतात, शाळेजवळच्या दुकानातून तयार ज्वालामुखी येतो आणि मुलाच्या वाट्याला वर नाव लिहिणे उरते. अलीकडे तर विषय टाइप केला की संगणक उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष असा अख्खा अहवाल मिनिटभरात लिहून देतो. निरीक्षणसुद्धा! न पाहिलेल्या गोष्टीचे निरीक्षण.

आमच्या खात्यात याला फार जुने नाव आहे, "टेबलावर बसून भरलेले रजिस्टर". आपली ब्रॉडगेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर, हे पुस्तकात आहे, नेटवरही आहे. पण उन्हात उभे राहून गेज लावली की कुठे दोन मिलिमीटर कमी भरते, कुठे तीन जास्त, वळणावर आणखी वेगळे. एखाद्या रजिस्टरात ओळीने १६७६, १६७६, १६७६ असे लिहिलेले दिसले तर कोणताही अनुभवी साहेब कौतुक करत नाही. तो विचारतो, "लाइनवर कोण गेले होते?" गाडी धावते ती प्रत्यक्षातल्या रुळावरून, पुस्तकातल्या आकड्यावरून नाही. मुलांचे प्रकल्प मी याच नजरेने पाहतो.

आता मुख्य उदाहरणाकडे येतो. पाणी किती अंशांवर उकळते? (इथे मुलांनी एका सुरात "शंभर!" म्हणायचे आहे.) आपल्या ओळखीतल्या एका घरातल्या सातवीतल्या मुलीने हे मोजले. प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणला, आईला शेजारी उभे केले, पातेल्यात पाणी उकळले. पारा सत्त्याण्णवाच्या आसपास थांबला. गॅस मोठा केला, तरी पारा हलेना. तिने तीन दिवस तीन वेळा मोजले. दर वेळी तेच. तिने वहीत ९७ लिहिले. शाळेत ते खोडून १०० करायला सांगण्यात आले, कारण पुस्तकात १०० आहे आणि नेटवरही सगळीकडे १०० आहे. तिने खोडले. प्रकल्पाला चांगले गुण मिळाले.

मंडळी, त्या मुलीचा आकडा बरोबर होता. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते ते समुद्रसपाटीला. आपले बेंगळूरु समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर आहे. वर हवेचा थर कमी, म्हणून दाब कमी, म्हणून पाण्याच्या वाफेला निसटायला सोपे. ढोबळ हिशेब असा, की दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो. नऊशेला तीन अंश. शंभरातून तीन गेले, सत्त्याण्णव. त्या मुलीने पातेल्यात बेंगळूरुची उंची मोजली होती, आणि आपण मोठ्यांनी ती खोडायला लावली.

याच ठिकाणी इंटरनेट खरे उपयोगी पडायला हवे होते. "पाणी किती अंशांवर उकळते" असा शोध घेतला तर १०० मिळणार. "माझ्याकडे ९७ का आले" असा शोध घेतला असता तर दाब, उंची, कुकरची शिट्टी, सगळे उलगडत गेले असते. आधी मोजायचे, मग शोधायचे. क्रम उलटा झाला की मुलाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास जातो, आणि तो एकदा गेला की परत आणणे कठीण असते.

थर्मामीटर चुकीचा असेल तर? उत्तम शंका. बर्फाच्या चुऱ्यात थोडे पाणी घालून त्यात तो बुडवा, शून्य दाखवतो का पाहा. एक अंश जास्त दाखवत असेल तर तोही वहीत लिहा. आणि हो, तापाचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात घालू नका, तो फुटेल आणि आईही तापेल.

नेटवर एक खाचखळगा मात्र आहे. हवामानाच्या संकेतस्थळावर बेंगळूरुचा दाब पाहिलात तर १०१० हेक्टोपास्कलच्या आसपास दिसेल. मग पाणी शंभरला का उकळत नाही? कारण तो आकडा समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो, म्हणजे वेगवेगळ्या उंचीच्या गावांची तुलना करता यावी. इथला प्रत्यक्ष दाब ९१० च्या जवळपास असतो. काही मोबाइलमध्ये दाब मोजणारा सेन्सर असतो, तो हा खरा आकडा दाखवतो. दोन्ही आकडे बरोबर, फक्त प्रश्न वेगळे. हे ज्या मुलाला समजले त्याचा प्रकल्प झाला असे मी म्हणेन.

आता तुम्ही दिवाळीत नाहीतर मे महिन्यात गावाला जाताच. रेल्वे स्थानकाच्या दोन्ही टोकांना पिवळी पाटी असते, तिच्यावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती पाटी सेल्फीसाठी नाही! बेळगाव साधारण ७५०, पुणे ५६०, मुंबई आणि कोकणपट्टी जवळजवळ शून्य. थर्मामीटर बॅगेत ठेवा आणि आजीच्या स्वयंपाकघरात पाणी उकळा. चार गावांचे चार आकडे आलेख-कागदावर मांडा. असा प्रकल्प नेटवर कुणालाही तयार मिळणार नाही, कारण तुमचे आजोळ तुमचेच असते.

गणिताच्या प्रकल्पांची अवस्था याहून बिकट. पायथागोरसचे चित्र आणि रामानुजनांचा फोटो, संपले. त्यापेक्षा आपल्या देवळालीच्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर गुरुजींकडे वळा. जन्म १९०५ चा, डहाणूचा. देवळालीच्या शाळेत शिक्षक, १९६२ साली निवृत्त, १९८६ साली निधन. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगभर नाव झाले. १, १२१, १२३२१ अशा संख्यांच्या कुळाला त्यांनी 'डेम्लो संख्या' म्हटले. ज्या स्थानकावर ती कल्पना सुचली त्याचे हे नाव, म्हणजे जी. आय. पी. रेल्वेवरचे आजचे डोंबिवली. रेल्वेवाल्याला याचा अभिमान वाटला तर माफ करा.

त्यांचा प्रसिद्ध शोध ६१७४. चार आकडी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. मुंबई-बेंगळूरु उद्यान एक्स्प्रेसचा जुना चार आकडी नंबर ६५२९ होता, तोच घेऊ. ९६५२ वजा २५६९ बरोबर ७०८३. मग ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. आणि ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४, गाडी तिथेच थांबली! कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येते.

इथवरचे नेटवर शेकडो ठिकाणी आहे, ते उतरवून काढण्यात अर्थ नाही. पुढचे करा. अशा एकूण ८९९१ संख्या आहेत, संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये त्या सगळ्या तपासता येतात. किती संख्या एका पायरीत पोचतात, किती सात पायऱ्यांत, त्याचा तक्ता करा. तीन आकडी संख्या कुठे थांबतात? दोन आकडी थांबतात का? पाच आकडी? आठवीतले मूल एका शनिवारात हे करू शकते, आणि आपल्या सॉफ्टवेअरवाल्या बाबांनी या ठिकाणी मदत केली तर माझी हरकत नाही. फॉर्म्युला मात्र मुलाने लिहायचा.

चांगल्या गोष्टी कुठे मिळतात हे पालक विचारतातच, म्हणून थोडे सांगतो. पहिले नाव अरविंद गुप्ता यांचे. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरी. १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले आणि तिथल्या बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या यांतून भूमिती शिकवू लागले. पुढे पुण्यात डॉ. जयंत नारळीकरांच्या 'आयुका'तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी २०१४ पर्यंत काम केले. त्या शोधिकेच्या इमारतीला पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानची देणगी होती, हे पुलंच्या चाहत्यांनी लक्षात ठेवावे. 'अरविंद गुप्ता टॉइज' या त्यांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून खेळणी करण्याच्या शेकडो कृती, छोट्या चित्रफिती आणि पुस्तके विनामूल्य आहेत, बरेच काही मराठीतही. इथली आपली मुले शाळेत इंग्रजी आणि कन्नड शिकतात, घरी मराठी बोलतात पण वाचायला कंटाळतात. मराठी चित्रफीत लावली की आजी शेजारी येऊन बसते आणि "अरे, ती काडी नीट धर" असे सांगू लागते. प्रकल्पाला याहून चांगला मार्गदर्शक मिळणार नाही.

कोलोरॅडो विद्यापीठाने २००२ साली सुरू केलेली 'फेट' ही पडद्यावरची प्रयोगशाळाही चांगली आहे, मराठीतही उपलब्ध आहे. विजेचे मंडल, लंबक, सगळे तिथे जुळवता येते. माझी तक्रार एकच, पडद्यावरची वायर कधी सैल नसते आणि बॅटरी कधी उतरत नाही. तिथे सराव करा आणि मग खरी वायर हातात घ्या. मराठी विश्वकोश नेटवर आहे, शब्द अडला की तो उघडा. कस्तुरबा रोडवरचे विश्वेश्वरय्या संग्रहालय आणि नेहरू तारांगण नेटवर पाहून भागत नाही, तिथे जायलाच हवे.

शेवटी एक काम देतो, सर्वांनी मिळून करायचे. २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो. त्या दिवशी गच्चीवर एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. सर्वांत आखूड सावली बेंगळूरुत सुमारे २३ सेंटिमीटर पडेल. त्याच दिवशी पुण्याच्या मामाला, आत्याला, जे असेल त्याला तशीच काठी उभी करायला सांगा, तिथे साधारण साडेतेहतीस येईल. सावलीवरून कोन काढला की दोन गावांत साडेपाच अंशांचा फरक दिसतो. यावरून पृथ्वीचा घेर काढता येतो. दोन हजार वर्षांपूर्वी इरॅटोस्थेनिसने इजिप्तमध्ये हेच केले.

पण अंतर कोणते घ्यायचे? नेट सांगेल, रस्त्याने ८४० किलोमीटर. ते घेतले तर पृथ्वी चौपन्न हजारांवर जाते! रेल्वेचे अंतर घेतले तर आणखी फुगते, आमचे रूळ कुठे कुठे वळतात ते मलाच ठाऊक. पुणे बेंगळूरुच्या वायव्येला आहे. म्हणून नकाशावर बेंगळूरुपासून सरळ उत्तरेकडे, पुण्याच्या अक्षवृत्तापर्यंतच मोजायचे. ते भरते सुमारे ६१५ किलोमीटर. त्याला ३६० ने गुणून तुमच्या अंशांनी भागा आणि चाळीस हजारांच्या किती जवळ आलात ते पाहा.

घड्याळात बारा वाजता मोजू नका. त्या दिवशी सूर्य बेंगळूरुत साधारण १२ वाजून १२ मिनिटांनी आणि पुण्यात १२ वाजून २७ मिनिटांनी माथ्याच्या रेषेवर येतो. बारा ते पाऊण दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करा, मिलिमीटरपर्यंत मोजा आणि जे भरेल ते, खाडाखोड न करता, वहीत लिहा. शाळा असेल तर जवळच्या रविवारी केले तरी चालेल, मात्र दोन्ही गावांत एकाच दिवशी. वह्या मंडळाकडे आणून द्या, मी सगळ्यांचे आकडे एका तक्त्यात मांडून मंडपात लावीन. ज्यांची पृथ्वी छत्तीस हजार किंवा पंचेचाळीस हजार येईल त्यांनीही आणून द्यायच्या.