घर बाहेर, पेशंट आत

धुळे, जळगाव, नंदुरबारहून आलेल्या मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक, समाजसेवा अधीक्षकांसमोर मी अध्यक्ष म्हणून बोलतो आहे. संयोजकांनी 'कुटुंबोपचार : काल, आज आणि उद्या' असा विषय दिला आहे. काल आणि उद्या मी भराभर उरकणार आहे. आजबद्दल मला भांडायचं आहे आणि त्यासाठी हा माइक हातात येण्याची बरीच वर्षं वाट पाहिली आहे.

भांडण एका स्टुलाशी आहे. आपल्या ओपीडीत टेबलाच्या कडेला एकच स्टूल असतं. त्यावर पेशंट. आई, नवरा, चुलता, मेहुणा भिंतीला टेकून उभे. त्यांतलं कुणी बोलू लागलं की आपण म्हणतो, "तुम्ही बाहेर थांबा." शिंदखेड्याहून पहाटेच्या एसटीने आलेलं अख्खं घर आपण बाहेरच्या बाकावर बसवतो आणि आत त्या एकट्या जिवाला विचारतो, "घरी काय होतं?" अहो, घर बाहेर बसलंय, त्यालाच विचारा ना!

काल काय झालं ते ऐका. अमेरिकेतले कुटुंबोपचारतज्ज्ञ मिनुचिन यांचं या विषयावरचं गाजलेलं पुस्तक १९७४चं. आपण अजून त्याचीच पारायणं करतो. पण त्याच्या कितीतरी आधी, १९५०च्या दशकात, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून पेशंटसोबत राहायला बोलावलं होतं. पेशंट उदंड, हाताखाली माणसं कमी. घरच्यांना सोबत घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पुढे वेल्लोरच्या रुग्णालयाने आणि बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने घरच्यांना सोबत ठेवण्याची रीत चालू ठेवली. तिकडे अमेरिकेत घरच्यांना खोलीत आणायला चळवळ करावी लागली. इथे ते डबा बांधून आपणहून येतात आणि आपण त्यांना दार दाखवतो.

आणि दाखवतो कुठे? खानदेशात! ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही आपली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं. त्यांतलं एकही इकडे नाही. आपला खरा वॉर्ड म्हणजे घरच. घरात सतत टोचून, घालूनपाडून बोललं जात असेल तर स्किझोफ्रेनिया लवकर उलटतो, हे आता परीक्षेत लिहायचं उत्तर झालं आहे. १९८७च्या चंदीगडच्या अभ्यासात असं बोलणारे नातेवाईक लंडनपेक्षा कमी निघाले, हेही आपण अभिमानाने सांगतो. मग त्याच नातेवाइकांची आपल्याला एवढी अडचण का?

सकाळच्या परिसंवादात दोन आक्षेप आले. एक, आपला माणूस चारचौघांत घरचं बोलत नाही. दुसरा, सगळ्यांना एकत्र बसवलं तर घर फुटतं. दोन्हींना एकच उत्तर देतो.

शिरपूर तालुक्यातलं एक कुटुंब. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बारावीचा मुलगा, लातूरला क्लासला ठेवलेला, डोकेदुखीने परत आलेला. सिटी स्कॅन नॉर्मल, डोळे नॉर्मल, भगताचा अंगाराही लावून झाला. मी सगळ्यांना आत घेतलं. शिपायाने बाकच आत ओढून आणला. मुलाला विचारलं, "डोकं केव्हा दुखतं?" उत्तर आईने दिलं. "जेवण?" काकाने सांगितलं. "झोप?" पुन्हा आई. मुलगा दर वेळी तोंड उघडायचा आणि मिटायचा. वडील बाकाच्या या टोकाला, काका त्या. "तिला ऐकू येत नाही" म्हणून आजीला कुणी हिशेबात धरलंच नव्हतं. ती कोपऱ्यातून म्हणाली, "त्याले कोन्ही इचारंच नही."

मग उलगडत गेलं. वडील आणि काकांचं वाटणीवरून बोलणं बंद झालं होतं. मुलाचं डोकं दुखलं की मात्र दोघे भाऊ एका गाडीत बसून दवाखान्यात यायचे. हे मला बंद खोलीत त्या पोराने एकट्याने कधी सांगितलं असतं? त्यालाच ते ठाऊक नव्हतं! चार-पाच बैठकांनंतर भांडण त्याच्या डोक्यातून उतरलं आणि सातबाऱ्यावर गेलं, जिथे ते असायला हवं होतं. वाटणी झाली, चुली दोन झाल्या. डोकं अजून अधूनमधून दुखतं, गोळीवर भागतं. पोरगा कॉलेजला जातो. एक ज्येष्ठ सहकारी मला म्हणाले, "घर फुटलं, म्हणजे उपचार फसला." मला हे मुळीच मान्य नाही. एकत्र कुटुंब टिकवण्याची सुपारी आपण घेतलेली नाही. आणि श्रावणात कानबाई देवीचे रोट त्या दोन चुली एकत्रच करतात.

एका ठिकाणी मात्र मीही बाकीच्यांना बाहेर काढतो. मारहाण असेल तिथे बाईशी आधी एकटीशी बोलायचं, २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याची माहिती द्यायची. मारणाऱ्याच्या शेजारी बसून ती काय खरं सांगणार? तिथे एकत्र बैठकीचा आग्रह धरणं म्हणजे तिलाच गोत्यात आणणं.

एरवी घरच्यांना बैठकांना बोलावलं की लोक विचारतात, "किती वेळा यावं लागेल?" आपण म्हणतो, "बघू." हे बंद करा. सरळ सांगा : तास-सव्वा तासाच्या सहा ते दहा बैठका, सुरुवातीला पंधरा दिवसांनी. औषध चालू असेल तर ते चालूच राहील. पंच बसल्यासारखा निवाडा होणार नाही. सून चुकली की सासू, हे मी ठरवणार नाही. पहिल्या दोन-तीन बैठकांत घरी आवाज वाढू शकतो, घाबरून येणं सोडू नका. आणि "मी सांगितलं म्हणू नका" असा मागून फोन केलात, तर ती गोष्ट तुम्हालाच सर्वांसमोर काढायला सांगेन.

उद्याचं काय? अहिराणी आणि लेवा बोलीत घरच्यांसाठी एक छोटी पुस्तिका हवी. धुळे आणि जळगावात आलटूनपालटून केस-चर्चा सुरू करावी, समाजसेवा अधीक्षकांना तिथे चहापुरतं नव्हे तर बोलायला बोलवावं. पुस्तिका कोण लिहिणार, पैसे कुठून आणायचे, हे अजून ठरलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ज्यांना रस असेल त्यांनी मला गाठावं.