एका जोडणीचे वाटेकरी

भारतात संपर्काची साधने आधी वाटून घेतली गेली आणि मगच ती एकेकाच्या मालकीची झाली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने शैक्षणिक दूरचित्रवाणीचा जो प्रयोग झाला, त्यात सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांसाठी सामुदायिक संच बसविण्यात आले होते. सायंकाळी गाव जमे आणि एकाच पडद्यासमोर बसे. पुढे १९८० नंतरच्या काळात पिवळ्या पाटीची सार्वजनिक दूरध्वनी केंद्रे गावोगावी दिसू लागली. तेथे यंत्र एक असे, बोलणारे अनेक असत, आणि प्रत्येकाच्या बोलण्याचा हिशेब मीटरवर वेगळा होई. आजच्या व्याख्यानाचा विषय याच परंपरेतील पुढची पायरी हा आहे. एका मोबाईल फोनवर येणारे इंटरनेट त्याच फोनमधून जवळच्या संगणकाला, टॅब्लेटला किंवा दुसऱ्या फोनला कसे मिळते, आणि ते देणाऱ्यावर व घेणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, हे येथे पाहावयाचे आहे.

जुन्या वाटणीत आणि या नव्या वाटणीत एक महत्त्वाचा भेद आहे. खेड्यातील संचाच्या बाबतीत पडदा सामाईक होता. दूरध्वनी केंद्रात यंत्र सामाईक होते. येथे पडदा आणि यंत्र ज्याचे त्याचे असते. सामाईक असतो तो मार्ग. मार्ग ज्याच्या नावाने नोंदलेला असतो, त्याचे नावही मार्गाबरोबर सर्वांसाठी वापरले जाते. या एका गोष्टीत या विषयातील सोय आणि जोखीम दोन्ही सामावलेल्या आहेत.

या क्रियेला इंग्रजीत टेदरिंग म्हणतात. चरणारे जनावर दूर जाऊ नये म्हणून त्याला ज्या दाव्याने बांधतात, त्यावरून हा शब्द आला. संगणक फोनला केबलने जोडला जाई त्या काळी तो शब्द अगदी अन्वर्थक होता. आता दावे बहुधा अदृश्य असते आणि सर्वसामान्य माणूस त्यास हॉटस्पॉट म्हणून ओळखतो. मोबाईल फोनवरून संगणकाला इंटरनेट मिळविण्याची युक्ती जुनीच आहे. परंतु २०१० साली अँड्रॉइड प्रणालीच्या २.२ या आवृत्तीत आणि २०११ साली आयफोनच्या ४.३ या आवृत्तीत वायफायद्वारे वाटणीची सोय आली, तेव्हापासून ती एका बटणाच्या अंतरावर आली.

हे बटण दाबल्यावर नेमके काय घडते? फोनमध्ये एकाहून अधिक रेडिओ असतात. एक रेडिओ दूरच्या मोबाईल मनोऱ्याशी बोलतो; दुसरा, म्हणजे वायफायचा, एरवी घरातील किंवा कार्यालयातील राउटरचा ग्राहक असतो. हॉटस्पॉट सुरू होताच या दुसऱ्या रेडिओची भूमिका उलटते. तो ग्राहक न राहता यजमान होतो, आपल्या नावाची घोषणा करू लागतो आणि आत येऊ पाहणाऱ्याकडून पासवर्ड मागतो. दोन रेडिओंच्या मधे फोन बसतो, एकीकडून आलेले दुसरीकडे पोचवितो. खिशातील वस्तूचे अशा रीतीने एक छोटेसे संदेश-वाटप केंद्र बनते.

येथे एक अडचण उद्भवते. इंटरनेटवरील प्रत्येक उपकरणाला पत्ता लागतो, आणि मोबाईल कंपनीने पत्ता दिलेला असतो तो एकट्या फोनला. त्याच्या आश्रयाला आलेल्या चार उपकरणांनी काय करावे? एखादा जुना वाडा डोळ्यांपुढे आणला तर उत्तर सोपे होते. वाड्यात दहा बिऱ्हाडे राहतात, पण टपाल खात्याच्या दृष्टीने दार एकच. दारावरचा माणूस प्रत्येक बिऱ्हाडाचे जाणारे पत्र घेतो, त्यावर वाड्याचा पत्ता घालतो, कोपऱ्यात एक खूण-क्रमांक लिहितो आणि तो क्रमांक कोणत्या बिऱ्हाडाचा याची नोंद आपल्या वहीत ठेवतो. उत्तर त्याच क्रमांकानिशी परत आले की वही पाहून योग्य खोलीत पोचते करतो. फोन नेमके हेच करतो. आतल्या उपकरणांना तो १९२.१६८ अशा अंकांनी आरंभ होणारे किंवा तत्सम खासगी पत्ते देतो. हे पत्ते केवळ वाड्याच्या आत चालतात. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक संदेशावर तो स्वतःचा पत्ता आणि एक क्रमांक घालतो. पत्ता बदलण्याची ही पद्धत १९९४ साली तंत्रज्ञांपुढे मांडण्यात आली. तिच्यामागे टंचाई होती. इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत एकंदर सुमारे ४२९ कोटी पत्तेच शक्य आहेत, आणि जागतिक कोठारातील त्यांचे शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. मोबाईल कंपन्याही आपल्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड ठेवतात. म्हणजे वाडा दुसऱ्या मोठ्या वाड्याच्या पोटात असतो. नव्या पत्तापद्धतीत पत्ते मुबलक आहेत आणि ती भारतात झपाट्याने पसरली आहे. तीत फोन आश्रिताला स्वतंत्र पत्ताही देऊ शकतो. मात्र मार्ग आणि खाते एकाचेच राहते.

वाटणीचे तीन प्रकार रूढ आहेत. वायफायचा मार्ग सर्वांत सोयीचा. त्यावर बहुतेक फोन पाच ते दहा उपकरणांना सामावून घेतात आणि एका खोलीत वेगही चांगला मिळतो. परंतु दोन्ही रेडिओ अखंड चालू राहिल्यामुळे फोन तापतो आणि बॅटरी लवकर उतरते. ब्लूटूथचा मार्ग विजेच्या बाबतीत काटकसरी आहे. मात्र त्याचा वेग सेकंदाला दोन-तीन मेगाबिटांच्या पलीकडे सहसा जात नाही. पत्रे पाठविण्यास तो पुरतो, चलच्चित्रांस पुरत नाही. तिसरा मार्ग यूएसबी केबलचा. तो आज मागासलेला वाटतो, पण एकच संगणक जोडावयाचा असेल तर तोच उत्तम. वेग स्थिर राहतो, शेजाऱ्यांच्या वायफायचा अडथळा होत नाही, आणि संगणकाकडून फोनला वीजही मिळते. ज्या घरात मोबाईलचा संकेत खिडकीपाशीच येतो, तेथे फोन खिडकीत ठेवून वायफायने आतल्या खोलीत इंटरनेट नेता येते. मनोऱ्याशी चांगला संपर्क असलेल्या फोनला कमी शक्ती खर्चावी लागते, म्हणून जागेची ही निवड बॅटरीच्याही हिताची ठरते.

भारतात हे तंत्र घरोघरी पोचले ते त्याच्या नवलाईमुळे नव्हे, दरांमुळे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीप्रमाणे २०१४ साली ग्राहकाला एका गिगाबाईटसाठी सरासरी सुमारे २६९ रुपये पडत. २०१८ साली हाच आकडा सुमारे १२ रुपयांवर आला. मधल्या काळात, ५ सप्टेंबर २०१६ रोजी, जिओची सेवा सुरू झाली होती आणि पहिले काही महिने तिने डेटा विनामूल्य दिला होता. जी वस्तू थेंबाथेंबाने वापरावयाची होती, ती शेजाऱ्याला ओंजळभर देण्याइतकी झाली.

या वाटणीचे खरे मोल मार्च २०२० मध्ये कळून आले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली, शाळा बंद पडल्या आणि वर्ग पडद्यावर भरू लागले. त्याआधीच्या, म्हणजे २०१७-१८ मधील राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांना इंटरनेटची सोय होती. संगणक सुमारे ११ टक्के कुटुंबांत होता आणि ग्रामीण भागात तो सुमारे ४ टक्के कुटुंबांतच होता. घरात चांगली जोडणी असलेला फोन बहुधा एकच असे, आणि तोही कमावत्या माणसाचा. दोन मुलांचे वर्ग एकाच वेळी असले म्हणजे त्या फोनवरून दुसऱ्या, जुन्या फोनला इंटरनेट द्यावे लागे. फोनचा धनी कामासाठी बाहेर पडला की मार्गही त्याच्या खिशातून निघून जाई. वर्ग कोणाचा चुकवावयाचा, हा निर्णय अनेक घरांत आईवडिलांना करावा लागला. हॉटस्पॉटने त्या दिवसांत पुष्कळांचे शिक्षण तगवून धरले हे खरे. पण वाटून घ्यावयास मुळात काहीच नव्हते अशा घरांना त्याचा उपयोग नव्हता, हेही तितकेच खरे.

वाटणीत हिशेब येतोच. दिवसाला दीड गिगाबाईट मिळत असेल, आणि पडद्यावरील तासाभराच्या वर्गाला अर्धा ते एक गिगाबाईट लागत असेल, तर दोन मुलांच्या एकेका तासात दिवसाचा शिधा संपू शकतो. तो संपल्यावर अनेक योजनांत वेग सेकंदाला ६४ किलोबिटांवर येतो. या वेगाने तीन मेगाबाईटचे एक छायाचित्र उतरावयास सहा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. संगणकाची भूक तर फोनहून निराळीच. वायफाय दिसले की ते घरचे अमर्याद इंटरनेट आहे असे समजून संगणक पडद्याआड आपल्या प्रणालीची अद्ययावत आवृत्ती उतरवू लागतो आणि पाहता पाहता गिगाबाईट गिळतो. म्हणून ही जोडणी मोजून मिळणारी आहे, असे संगणकाला त्याच्या मांडणीत सांगून ठेवावयाचे असते. तशी सोय बहुतेक प्रणालींत आहे; तिचा उपयोग मात्र फार थोडे जण करतात.

कंपन्यांच्या दृष्टीने ही वाटणी नेहमीच सुखाची नव्हती. इंटरनेटवरील प्रत्येक संदेशावर आयुर्मर्यादेचा एक अंक असतो आणि वाटेतील प्रत्येक केंद्र तो एकाने कमी करते. फोनमधून थेट निघालेल्या संदेशावर तो बहुधा ६४ असतो. फोनमागच्या संगणकातून आलेल्या संदेशावर तो ६३ किंवा १२७ आढळतो. एवढ्या फरकावरून वाड्यात बिऱ्हाडकरू आहेत, हे कंपनीला ताडता येते. अमेरिकेत काही कंपन्या या वाटणीसाठी वेगळे पैसे घेत. २०१२ साली तेथील केंद्रीय दळणवळण आयोगाने केलेली चौकशी मिटविताना व्हेरायझन कंपनीला १२.५ लाख डॉलर भरावे लागले. ग्राहकांना टेदरिंगची उपयोजने मिळू नयेत यासाठी तिने प्रयत्न केल्याचा तो विषय होता. घेतलेला माल कोणत्या भांड्यात ओतावा हे विकणाऱ्याने ठरवू नये, असे त्या वादाचे सार सांगता येईल. भारतातील सर्वसाधारण प्रीपेड योजनांत हॉटस्पॉटसाठी वेगळी आकारणी नसते. डेटाची मोजदाद होते, वाटेकऱ्यांची होत नाही.

परंतु वाटेकरी मोजले जात नाहीत याचाच दुसरा अर्थ असा की, ते ओळखलेही जात नाहीत. बाहेरच्या जगाला दिसतो तो एकच ग्राहक. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यांच्याशी संबंधित एक धमकीचे पत्र नवी मुंबईतील एका घराच्या असुरक्षित वायफायवरून पाठविण्यात आले होते. कटाशी काही संबंध नसलेल्या रहिवाशाला कसून चौकशीला तोंड द्यावे लागले, कारण पत्ता त्याच्या जोडणीचा होता. ती जोडणी घरातील ब्रॉडबँडची होती. पण तत्त्व फोनलाही लागू पडते. त्यानंतर २००९ साली दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना काढल्या. मोबाईल कंपनीजवळ कोणता पत्ता कोणत्या वेळी कोणाकडे होता याच्या नोंदी असतात, आणि तो माग सिमकार्ड ज्याच्या नावाचे आहे त्याच्या दारापर्यंत येऊन थांबतो. वाड्याच्या दारावरील माणसाची वही मात्र तात्पुरती असते. आत कोण होते हे तपासणाऱ्याला सांगण्यास ती बहुधा शिल्लक राहत नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी पाळाव्या लागतात. पासवर्डाविना हॉटस्पॉट ठेवू नये. सुरक्षेच्या रूढ पद्धतीत पासवर्ड निदान आठ अक्षरांचा लागतो. तो फोनक्रमांक किंवा जन्मतारीख असू नये. पुष्कळ फोन हॉटस्पॉटला धन्याचे नाव किंवा फोनचा नमुना आपोआप देतात. आगगाडीच्या डब्यात ते सर्वांना वाचता येते, म्हणून ते बदलावे. अनोळखी माणसाला निकडीसाठी इंटरनेट दिले तर काम झाल्यावर पासवर्ड बदलावा आणि हॉटस्पॉट बंद करावा. घेणाऱ्यानेही जाणून असावे की, ज्याच्या मार्गाने तो जातो त्यास तो कोणत्या स्थळांकडे गेला याचा अंदाज घेता येतो. मजकूर आज बहुधा कुलूपबंद असतो. कोठे गेले याची खूण मात्र पुष्कळदा उघडी राहते.

हॉटस्पॉट हा तात्पुरत्या गरजेचा उपाय होय. वाडीवस्तीला, शाळेला किंवा ग्रंथालयाला एखाद्याच्या खिशातील फोनवर कायमचे विसंबता येत नाही. शासनाने डिसेंबर २०२० मध्ये संमत केलेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदाराला किंवा चहावाल्याला परवान्यावाचून सार्वजनिक वायफाय देता येते. अशा जागेला सार्वजनिक डेटा कार्यालय म्हणतात. जुन्या दूरध्वनी केंद्रांचीच आठवण हे नाव करून देते. तेथे येणाऱ्याची स्वतंत्र ओळख पटवून घेतली जाते, म्हणजे मार्ग सामाईक राहतो आणि उत्तरदायित्व ज्याचे त्याच्याकडे जाते. खासगी हॉटस्पॉटमध्ये हीच गोष्ट नाही. तेथे देणारा डेटाबरोबर आपले नावही उसने देत असतो. म्हणून शेजारच्या मुलीचा परीक्षेचा अर्ज शेवटच्या दिवशी भरावयाचा राहिला असेल तर फोन जरूर पुढे करावा. तो पुढे करताना वहीवर नाव कोणाचे लागणार आहे, याची जाणीव मात्र असू द्यावी.