दोन मगरी आणि एक खेकडा

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या हॉलमध्ये ‘सभासदांचे छंद’ या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



टेबलावर दोन इंजिनं ठेवली आहेत. लांबून बघणाऱ्याला ती अगदी सारखी दिसतील, आणि ती एकाच इंजिनाची मॉडेल्स आहेतही. एक जर्मनीच्या मार्कलिन कंपनीचं, दुसरं ऑस्ट्रियाच्या रोको कंपनीचं. आमच्या विंगमध्ये मला यावरून दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. मोठी माणसं विचारतात, “एकच इंजिन दोनदा कशाला घ्यायचं?” आणि मुलं विचारतात, “काका, यातलं भारी कुठलं?” आज दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकदमच देऊन टाकतो.

आधी मूळ इंजिनाची ओळख. स्वित्झर्लंडमध्ये आल्प्स पर्वतातून जाणारा गॉटहार्ड नावाचा रेल्वेमार्ग आहे. त्याचा मोठा बोगदा १८८२ साली सुरू झाला. पहिल्या महायुद्धानंतर तिथे वीज आली आणि घाटातून मालगाड्या ओढायला १९१९ पासून एक नवीन इंजिन बांधलं गेलं. कागदोपत्री नाव ‘सीई ६/८’, पण पुढे-मागे लांब, बसकी नाकं आणि मध्ये उंच पेटी, त्यामुळे लोकांनी नाव ठेवलं क्रोकोडाइल, म्हणजे मगर. दोन्ही नाकं मधल्या पेटीला बिजागरीसारखी जोडलेली असतात, त्यामुळे वळणावर आख्खं इंजिन दोन ठिकाणी मोडल्यासारखं वळतं. लांबी साडेएकोणीस मीटर, वजन १२८ टन, वेग ताशी ६५ किलोमीटर.

हे सगळं आपल्याला परकं वाटेल, पण नाही. गॉटहार्डचा चढ हजार मीटरला २७ मीटर आहे, म्हणजे जवळपास ३७ ला १. आपल्या बोरघाटाचा चढही ३७ ला १! मुंबई-पुणे मार्गावर वीज आली तेव्हा १९२८ च्या सुमारास जीआयपी रेल्वेने घाटासाठी जी मालगाडीची इंजिनं आणली, ती याच मगरीची भावंडं. त्यातली पहिली काही तर स्वित्झर्लंडमध्ये, विंटरटूरच्या त्याच कारखान्यात बांधली होती. पुढे त्यांना ‘डब्ल्यूसीजी-१’ म्हणू लागले. रेल्वेतल्या माणसांनी मात्र त्याला मगर म्हटलं नाही, ‘खेकडा’ म्हटलं. पुढे बरीच वर्षं हे खेकडे मुंबईत शंटिंग करत होते, त्यामुळे इथल्या ज्येष्ठांपैकी कुणी ना कुणी तो पाहिलेला असणारच. मुलांनी नेहरू विज्ञान केंद्रात जाऊन पाहावा. घाट सारखा असला की इंजिनही सारखं लागतं, मग देश कुठलाही असो.

आता मॉडेलकडे येऊ. ही दोन्ही मॉडेल्स ‘एचओ’ मापाची आहेत, म्हणजे मूळ वस्तूच्या एक सत्त्याऐंशीअंश. साडेएकोणीस मीटरचे होतात साधारण साडेबावीस सेंटिमीटर. इथपर्यंत हिशेब सरळ आहे. घोटाळा पुढे सुरू होतो.

गॉटहार्डवरची तीव्र वळणं साधारण ३०० मीटर त्रिज्येची आहेत. त्याचा सत्त्याऐंशीवा भाग केला तरी साडेतीन मीटर होतो. म्हणजे खरंखुरं वळण घालून पुरा गोल करायचा, तर सात मीटर रुंद जागा पाहिजे. आपला हा हॉलसुद्धा पुरणार नाही, मग वन बीएचकेच्या बेडरूमची काय कथा! म्हणून कंपन्या ३६ सेंटिमीटर त्रिज्येचे रूळ विकतात. खऱ्या वळणाच्या जवळजवळ दहापट तीव्र. आणि त्यावरून आपली मगर डौलात गेली पाहिजे, अशी आपली अपेक्षा असते.

ती जाते, पण त्यासाठी कुठेतरी काहीतरी सोडावं लागतं. नाक आणि पेटी यांच्यातली फट वाढवायची, की चाकांना बाजूला सरकायला मोकळीक द्यायची, की चाकाची कड जाड आणि खोल करायची? प्रत्येक कंपनी तडजोड करतेच, फक्त ती वेगवेगळ्या जागी करते. मॉडेलची तुलना करायची म्हणजे ही जागा शोधायची.

मार्कलिन १८५९ सालची. एचओ मापातली तिची पहिली मगर १९४७ ची. शरीर ओतीव धातूचं, हातात घेतलं की वजन जाणवतं. गंमत सांगतो. १२८ टनांचं इंजिन तिन्ही बाजूंनी सत्त्याऐंशी पटींनी लहान केलं, तर हिशेबाने वजन जेमतेम १९५ ग्रॅम भरायला हवं. ही धातूची मगर त्याच्या दुपटीहून जड आहे, आणि म्हणूनच ती डबे ओढते. मार्कलिनची खरी तडजोड खाली आहे. रुळाच्या मधोमध छोटे टाचणीएवढे खिळे दिसतात पाहा. इंजिनाच्या पोटाखालची पट्टी त्यांवरून घासत जाते आणि करंट घेते. दोन्ही रूळ मिळून परतीची वाट. स्वित्झर्लंडच्या खऱ्या रुळात असे खिळे कुठून असणार? पण फायदा असा, की गाडी वळसा घालून त्याच रुळावर उलटी परत आली तरी शॉर्ट होत नाही. शिवाय कचऱ्याने गाडी अडण्याचं प्रमाण कमी. लहान मुलांच्या घरात हा फायदा छोटा नाही.

रोको १९६० ची, साल्झबर्गची. रोकोच्या मॉडेलचं वरचं कवच प्लास्टिकचं, सांगाडा धातूचा. प्लास्टिक म्हटल्यावर काही जण नाक मुरडतात. पण रिव्हेट, जाळ्या, दाराच्या कडा बघा. साच्यातून प्लास्टिकवर जितकी बारीक रेघ उठते, तितकी जाड रंगाखालच्या धातूवर राहत नाही. हे माझं मॉडेल दोन रुळांचं आहे. डावा एक तार, उजवा दुसरी तार. मधले खिळे गेले, रूळ खऱ्यासारखा दिसू लागला. पण त्याची किंमत अशी, की वळसा घालून परत आलात की डावा रूळ उजव्याला भेटतो आणि शॉर्ट. त्यासाठी वेगळं वायरिंग करावं लागतं. बारीक पायऱ्या आणि नळ्या छोट्या पिशवीत सुट्या येतात, त्या आपण बसवायच्या. चष्मा लागलेल्या माणसाने ते काम रात्री करू नये.

तर मुलांनो, भारी कुठलं? गाडी रोज चालवायची असेल, जमिनीवर रूळ मांडायचे असतील, धाकटी भावंडं हात लावणार असतील, तर मार्कलिन. शेल्फवर ठेवून जवळून न्याहाळायची, निवांत हळू चालवायची, तर रोको. हे माझं मत झालं. पण एक परीक्षा अशी आहे की तिथे मत चालत नाही. ताशी ६५ किलोमीटर हा खरा वेग, त्याचा सत्त्याऐंशीवा भाग म्हणजे सेकंदाला सुमारे २१ सेंटिमीटर. ३६ सेंटिमीटर त्रिज्येचा गोल सव्वादोन मीटरचा होतो. म्हणजे पूर्ण वेगातही एक फेरी घ्यायला मगरीला जवळपास ११ सेकंद लागले पाहिजेत. आपण मात्र तीन-चार सेकंदांत फिरवतो आणि म्हणतो, खरी वाटत नाही! जे इंजिन न अडखळता, न थरथरता ११ सेकंदांची फेरी मारतं, ते चांगलं. कंपनीचं नाव नंतर.

आता छंदातले वैताग. पहिला वैताग रंगांचा. खऱ्या मगरी आधी तपकिरी होत्या, पुढे हिरव्या झाल्या. कंपनी काय करते, एका साच्यातून तपकिरी काढते, मग हिरवी, मग दुसऱ्या नंबरची हिरवी. संग्राहकाला वाटतं, एवढी एक झाली की संच पुरा. संच कधीच पुरा होत नाही.

दुसरा वैताग मिळण्याचा. मॉडेल्स ठरावीक संख्येत निघतात, आधी मागणी नोंदवावी लागते. नंतर जाग आली तर दुप्पट भाव. वर आयात शुल्क आणि कुरियर. एका नव्या मगरीच्या पैशात चांगला फ्रीज येतो, हे मला घरी अनेकदा सांगण्यात आलेलं आहे.

तिसरा वैताग म्हातारपणाचा, इंजिनाच्या. ग्रीस घट्ट होतं, चाकावरचं रबर कडक होतं. हे दुरुस्त होतं. पण जुन्या जस्ताच्या ओतकामात शिसं मिसळलेलं असेल तर धातू आतून फुगतो, त्याला तडे जातात आणि एक दिवस भुगा होतो. त्यावर औषध नाही. आणि आपल्याकडचा पावसाळा तर गंजाला आमंत्रणच. जुलैमध्ये माझी इंजिनं सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात झोपतात.

चौथा वैताग खास आपला. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. एचओ मापात तो १९ मिलिमीटरहून थोडा जास्त हवा. बाजारातला एचओ रूळ मात्र साडेसोळाचा, कारण तो युरोपच्या १४३५ मिलिमीटरसाठी आहे. म्हणजे खेकड्याचं मॉडेल करायचं तर अंग भारतीय आणि पाय युरोपीय, जवळजवळ तीन मिलिमीटर आखूड. इंग्रजांनीही घरी हीच तडजोड केली आहे. त्यांच्या ‘ओओ’ मापाची इंजिनं १:७६ ची, पण रूळ तोच साडेसोळाचा. त्यांना ते खटकत असूनही त्यांचा आख्खा छंद त्यावर उभा आहे. म्हणून आपल्याकडे कुणी हाताने भारतीय इंजिन करत असेल, तर “गेज चुकलाय” म्हणून त्याला हिणवू नका. त्याने तडजोड कुठे केली आहे, एवढं विचारा.

आणि शेवटचा वैताग. त्याला वैताग म्हणू की काळजी, मला कळत नाही. या वस्तूंचं पुढे काय? कंपन्यासुद्धा अमर नसतात. जुनी रोको २००५ मध्ये दिवाळखोरीत निघाली, मार्कलिनवर २००९ मध्ये, बरोबर दीडशेव्या वर्षी, तीच वेळ आली. दोन्ही नव्या मालकांच्या हाताखाली उभ्या राहिल्या. पण संग्राहक गेला की संग्रहाला नवा मालक कोण? घरच्यांना त्यातलं काही माहीत नसतं. खोकी माळ्यावर जातात, एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत खाली येतात आणि रद्दीवाल्याच्या तराजूवर चढतात. तिथे मगर आणि भंगार यांचा भाव एकच. याच्या उलट उदाहरणही जवळच आहे. पुण्यात कोथरूडला जोशी यांचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं झालं. एका माणसाचा छंद आज शाळेच्या सहली बघतात. ते टिकलं, कारण ते कपाटात राहिलं नाही.

आपण संग्रहालय काढू शकत नाही, पण एक करू शकतो. वाचनालयाच्या खोलीत कॅरम बोर्डामागे आठ बाय चार फुटांचा प्लायवूड मावतो, मी मोजून आलो आहे. कमिटीने परवानगी दिली तर त्यावर मी कायमचे रूळ बसवीन. दर रविवारी दहा ते बारा गाडी चालेल. मुलांनी रूळ पुसायला, तेल घालायला, वायर जोडायला शिकायचं. हात लावायला मनाई नाही, हात धुऊन यायची मात्र सक्ती आहे. प्रत्येक खोक्यात मी मराठीत एक चिठ्ठी घातली आहे. त्यावर इंजिन कुठलं, कधीचं, करंट कुठला, तेल कुठे घालायचं हे लिहिलं आहे. चार मुलं जरी तयार झाली, तरी या खोक्यांना वारस मिळाले असं मी समजेन. अर्ज आजच सेक्रेटरी साहेबांकडे देतो आहे.

आता प्लग लावतो. ज्याच्या मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ असेल त्याने पुढे यावं. ११ सेकंद, लक्षात आहे ना?